एटकिन, एडवर्ड हॅमिल्टन
(१६ ऑगस्ट १८५१–११ एप्रिल १९०९). महाराष्ट्रात जन्मलेले स्कॉटिश निसर्गाभ्यासक, कीटकांचे निरीक्षक व इंग्रजी ललित लेखक. आपल्या नावाची ई. एच. ए. ही आद्याक्षरे त्यांनी टोपणनावासारखी वापरली व त्यांवरून झालेल्या ‘ईहा’ या नावानेच ते वाचकांना परिचित झाले. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात त्यांनी सु. ३० वर्षे नोकरी केली. कीटकविज्ञान हा त्यांचा व्यवसाय नव्हता. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील फुलपाखरांच्या अळ्या, कोश व खाद्यवनस्पती यांविषयीच्या माहितीचा पाया घालणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म सातारा येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. प्रारंभीचे शिक्षण वडिलांच्याच हाताखाली व पुढील शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम्. ए. या पदव्या त्यांनी मिळविल्या. १८७०–७६ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिनचे अध्यापन करीत होते. त्यांच्या लेखनात जागोजागी आढळणारे लॅटिन साहित्याचे संस्कार या काळातील आहेत. १८८० मध्ये त्यांच्या एका कवितेस विद्यापीठाचे होमजी करसेटजी पारितोषिक मिळाले. भारतात चाकरीसाठी येणाऱ्या बहुतेक यूरोपीय निसर्गाभ्यासकांना येथील झाडेझुडपे, पाऊस व माणसे प्रौढपणी नव्याने ओळखावी लागत. एटकिन यांचे तसे नव्हते. त्यांचे बालपणच दख्खनच्या पठारावर गेले होते.

१८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात दाखल झाले. त्या काळी मिठावरील कर हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. १८८८ मध्ये तो मणामागे २ रुपयांवरून २ रुपये ८ आणे करण्यात आला. करचुकवेगिरी रोखण्यासाठी मीठागरे, बंदरे, खाड्यांची मुखे व संस्थानी हद्दी यांवर चौक्या बसविलेल्या असत आणि त्यांची तपासणी करीत फिरणे हे अधिकाऱ्याचे मुख्य काम असे. कच्छच्या रणाच्या काठचे खाराघोडा, मुंबईजवळील उरण, उत्तर कानडा जिल्हा व गोव्याची हद्द, रत्नागिरी आणि मुंबई अशा ठिकाणी एटकिन यांच्या नेमणुका झाल्या. यांपैकी रत्नागिरी जिल्ह्यात मीठ खात्याचा लोकांशी येणारा संबंध विशेष जवळचा होता. रत्नदुर्गाजवळील मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार वस्त्यांत दालदी, खारवी इ. लोकांचा निर्वाह मासळीवर चाले व मासळी टिकविण्यासाठी मीठ अपरिहार्य होते. करासह मीठ घेऊन मासळी खारविणे परवडत नसल्यामुळे रत्नागिरी व कानडा या जिल्ह्यांत खात्याच्या देखरेखीखाली मासळी खारविण्याची खास आवारे ठेवण्यात येत. अशा कामावरील अधिकाऱ्याचे वर्षाचे बरेच दिवस होडी, घोडा व राहुटी यांत जात. मीठ पिकविण्याचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपतो आणि कोवळ्या पालवीवर अळ्यांचे पेव फुटते ते पावसाळ्यात, ही गोष्टही अशा छंदाला सोयीची होती.

खाराघोडा येथील उजाड मुक्कामातून त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक निर्माण झाले. *द ट्राइब्ज ऑन माय फ्राँटिअर* (१८८३) या त्या पुस्तकात खाराघोड्याला त्यांनी ‘डस्टीपूर’ असे नाव दिले आहे. उंदीर, डास, मुंग्या, पाली, बेडूक, कावळे इ. बंगल्याभोवतीचे प्राणी म्हणजे सरहद्दीवरील उपद्रवी टोळ्या आणि घरमालक म्हणजे त्यांच्याशी कधी तह, कधी युद्ध करणारे सरकार, अशी त्याची विनोदी मांडणी आहे. हे पुस्तक हलकेफुलके असले, तरी त्यातील निरीक्षणे प्रत्यक्ष पाहून केलेली आहेत. वाघ, हत्ती व रानडुकरे यांच्या शिकारकथांनी भरलेल्या तत्कालीन अँग्लो-इंडियन लेखनात व्हरांड्यातील मुंगीला नायिकेचे स्थान देणे ही गोष्टच नवी होती.

याच वर्षी मुंबईत घडलेल्या एका घटनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात (आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ मुंबईकर एकत्र जमले आणि त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत एटकिन यांच्याबरोबर पतंगांचे तज्ज्ञ कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. तसेच प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व वनस्पतिज्ञ डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय वैद्यकतज्ज्ञही होते. एटकिन हे संस्थेचे पहिले सन्माननीय कार्यवाह झाले व १८८६ पर्यंत त्या पदावर राहिले. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले, त्याचे संपादन त्यांनी आर्. ए. स्टर्नडेल यांच्यासमवेत केले. संस्थेच्या संग्रहातील मुंबईकडील फुलपाखरांची टिपणांसह केलेली यादी त्यांनी या नियतकालिकाच्या आरंभीच्या अंकांत प्रसिद्ध केली. आपला छंद पुस्तकांपुरता न ठेवता इतरांना पडताळून पाहता येईल अशा स्वरूपात मांडण्यासाठी त्यांना एक पीठ मिळाले. किंबहुना ते त्यांनी स्वतःच उभारले.

एटकिन यांच्या कीटकविषयक कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची या शास्त्राची स्थिती लक्षात घ्यावी लागते. भारतातील फुलपाखरे गोळा करून यूरोपात पाठविण्याचे काम बरीच वर्षे चालले होते. तेथील संग्रहालयांत पंखांचे रंग व शिरांची रचना यांवरून नव्या जातींची वर्णने होत. मात्र टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून तो कीटक कोठे अंडी घालतो, त्याची अळी काय खाते, ती किती वेळा कात टाकते, कोश कोठे टांगते यांपैकी काहीच समजत नाही. पुष्कळदा जातीची ओळखही चुकते. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या व पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेल्या एका नारिंगी फुलपाखराच्या (जुनोनिया अल्माना) पावसाळी व कोरड्या हंगामातील रूपांत इतका फरक असतो की, लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्यांना अल्माना व आस्टेरी अशा दोन वेगळ्या जाती मानले होते. कोरड्या हंगामातील रूपाच्या पंखांच्या कडा कोनदार असून मिटलेल्या पंखांची खालची बाजू वाळक्या पानासारखी दिसते. पावसाळी रूपात ती वैशिष्ट्ये नसतात. असे प्रश्न नमुन्यांची संख्या वाढवून सुटत नाहीत. ते सुटतात एकाच मादीच्या अंड्यांपासून संतती वाढवून. कलकत्त्यास लायनेल द नीसव्हील यांनी १८८० नंतरच्या दशकात या पद्धतीचा अवलंब केला होता. पश्चिम किनाऱ्यावर ते काम एटकिन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केले.

हे सहकारी म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्याचे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन व वनाधिकारी टॉमस रीड डेव्हिस बेल. महसूल, वने व मीठ या तीन खात्यांतील हे तीन अधिकारी कारवारच्या परिसरात एकत्र आले, हा एक सुयोगच म्हणावा लागेल. तिघांनाही कामानिमित्त जंगलात फिरावे लागे आणि तिघांच्या हाताखाली झाडांची व वाटांची माहिती असलेले स्थानिक लोक असत. या लोकांची नावे त्यांच्या निबंधांत अभावानेच येतात, ही त्या काळाच्या रीतीला धरून असलेली पण खटकणारी गोष्ट आहे. अळ्या शोधून पेटीत ठेवणे, रोज ज्या त्या झाडाची ताजी पाने पुरविणे, अळीचे रंग, काटे व सवयी यांची नोंद ठेवणे व शेवटी कोशातून कोणते फुलपाखरू बाहेर येते ते पाहणे, असे हे काम असे. ते दिसायला सोपे पण चिकाटीचे असते. पाने सुकली तर अळी उपाशी मरते, पेटी दमट राहिली तर तिला बुरशी लागते. शिवाय पुष्कळ अळ्यांच्या अंगात परजीवी गांधीलमाश्यांची अंडी आधीच घातली गेलेली असल्याने कोशातून फुलपाखराऐवजी माशीच बाहेर पडते. झाड चुकीचे ओळखले, तर सगळी नोंदच फसवी ठरते.

या कामाचे पहिले फलित म्हणजे डेव्हिडसन व एटकिन यांचा मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवरील निबंध (१८९०) होय. त्यानंतर बेल यांच्या सहभागाने उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील विस्तृत लेखमाला १८९६–९७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आली. यांतील नोंदी किती विश्वसनीय होत्या याचा पुरावा पुढील ग्रंथांत मिळतो. सी. टी. बिंगॅम यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत फुलपाखरांवरील दोन खंड (१९०५ व १९०७) लिहिले, तेव्हा दक्षिणेकडील अनेक जातींच्या अळ्यांची व कोशांची वर्णने त्यांनी या निबंधांतून जशीच्या तशी उद्‌धृत केली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ‘ब्ल्यू मॉरमॉन’ (पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) हे त्यांपैकीच एक. त्याची अळी माकडलिंबू व लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. बेल यांनी हे काम पुढे अनेक वर्षे चालू ठेवले. ते निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले व तेथेच १९४८ मध्ये मरण पावले.

मुंग्या हा एटकिन यांच्या आवडीचा दुसरा विषय. कोकणात आंबा, काजू, फणस अशा झाडांवर पाने जोडून चेंडूसारखी घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांना ओंबील किंवा हुमले म्हणतात. शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅरॅग्डिना. त्यांच्या घरट्यांवर एटकिन यांनी १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. या मुंग्यांच्या कामकरी एकमेकींची कंबर धरून साखळ्या करतात व दोन पानांच्या कडा जवळ ओढून आणतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, म्हणून काही कामकरी आपल्याच वसाहतीतील अळ्या जबड्यात धरून धोट्याप्रमाणे या कडेवरून त्या कडेवर फिरवितात व अळीच्या तोंडातून निघणाऱ्या धाग्याने पाने शिवली जातात. ही क्रिया इतकी विलक्षण आहे की, ती सर्वमान्य होण्यास काही काळ लागला. फ्रान्ट्स डॉफ्लाइन यांनी श्रीलंकेत केलेली तिची सविस्तर निरीक्षणे १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. एटकिन यांनी जमविलेल्या मुंग्यांपैकी काही ओग्यूस्त फोरेल या स्विस तज्ज्ञांकडे पोहोचल्या व टेट्रापोनेरा प्रजातीतील एका जातीला त्यांनी एटकिन यांचे नाव दिले (१९०२).

मुंग्या व फुलपाखरे या दोन्ही विषयांचा संबंध निळ्या फुलपाखरांच्या (लायसिनिडी) कुलात येतो. त्यातील पुष्कळ अळ्यांच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड द्रव स्रवतो. त्याच्या लोभाने मुंग्या अळीभोवती जमतात व परभक्षी कीटकांपासून तिचे आपोआप रक्षण होते. अशा अळीचा शोध घेताना अळीपेक्षा मुंग्यांची ये-जा आधी दिसते. याच कुलातील स्पाल्गिस इपियस या जातीच्या अळीवर व कोशावर एटकिन यांनी स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात या सर्वसाधारण नियमाला ही जात अपवाद आहे. तिची अळी पिठ्या ढेकणांवर जगते आणि त्यांच्या अंगावरील पांढरी भुकटी स्वतःच्या पाठीवर वागवीत त्यांच्यातच बेमालूम मिसळून राहते. तिचा कोश तर समोरून पाहिल्यास हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो व त्यावरून इंग्रजीत तिला ‘एपफ्लाय’ असे नाव पडले आहे.

कोकणच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे ई. कोंबर यांच्यासमवेत केलेली कोकणातील फुलपाखरांची यादी (१९०३). उत्तर कानड्याच्या घनदाट अरण्यांच्या मानाने कोकणचा प्रदेश कीटकशास्त्रज्ञांना फारसा आकर्षक वाटत नसे. मिरकरवाड्यासारख्या बंदरातून वर चढले की, जांभ्या दगडाचा उघडा सडा लागतो. तो आठ महिने करपलेला व चार महिने हिरवागार असतो. झाडी उरते ती व्हाळांच्या काठाने, देवरायांत व आगरांत. फुलपाखरांचा आढळ अळीच्या खाद्यवनस्पतीवर अवलंबून असल्यामुळे सड्यावरील, आगरातील व राईतील जाती भिन्न असतात : रुईवर वाढणारी उघड्या माळावर, बांडगुळावर वाढणारी आंब्यांच्या बागेत, ईश्वरीच्या वेलीवर वाढणारी दाट सावलीत. एवढ्या जुन्या काळची व मूळ खाद्यवनस्पती जाणणाऱ्या माणसाने केलेली यादी हाताशी असल्यामुळे या किनाऱ्यावर पुढे काय बदलले हे ताडून पाहण्यास एक आधार मिळतो.

कीटकांच्या या ज्ञानाचा खात्याला प्रत्यक्ष उपयोग करून घेण्याची वेळ १९०२ मध्ये आली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले होते. तो तह १८९२ मध्ये संपुष्टात आला आणि गोव्याच्या हद्दीवर जकातीच्या चौक्यांचे महत्त्व पुन्हा वाढले. घाटातील, दाट रानातील या चौक्या हिवतापासाठी कुप्रसिद्ध होत्या व तेथील नेमणूक म्हणजे शिक्षा असे शिपायांना वाटे. शिपायांना रजा देणे, बदल्या करणे व कोयनेल वाटणे यापलीकडे खात्यापाशी उपाय नव्हता. कारण हा रोग दूषित हवेने होतो अशीच दीर्घकाळ समजूत होती. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परजीवी पाहिले आणि पुढील दोन वर्षांत ॲनॉफेलीस डास हाच माणसातील हिवतापाचा वाहक असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे चौकी कोठे असावी हा प्रश्न आता डासाची पैदास कोठे होते या प्रश्नाशी जोडला गेला. त्याची पाहणी करून शिपायांना डासांच्या सान्निध्यातून दूर हलविण्याचे उपाय सुचविण्यासाठी सरकारने एटकिन यांची नियुक्ती केली. [⟶ हिवताप].

वर्षानुवर्षे अळ्या शोधणाऱ्या माणसाला हे काम अपरिचित नव्हते. क्यूलेक्स डासाची अळी श्वसननलिका पृष्ठभागाला लावून पाण्यात डोके खाली करून लोंबते, तर ॲनॉफेलीसची अळी पृष्ठभागाशी समांतर पडून राहते. प्रौढ ॲनॉफेलीस भिंतीवर बसतो, तो डोके खाली व शेपटीकडचा भाग वर असा तिरपा. ही लक्षणे आता शाळेत शिकविली जातात. १९०२ मध्ये ती जाणून झऱ्याझऱ्यातून अळ्या गोळा करणारे लोक भारतात थोडेच होते. या पाहणीत एटकिन यांना ॲनॉफेलीसची एक नवीनच जाती आढळली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील एस्. पी. जेम्स यांनी ती ओळखून तिला ॲनॉफेलीस एटकिनाय असे नाव दिले व १९०३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ही जाती रानातील सावलीच्या झऱ्यांत वाढते आणि हिवतापाच्या प्रसारात तिचा फारसा वाटा नाही, हे पुढे आढळून आले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागांत वाहत्या ओढ्यांच्या काठी वाढणारी ॲनॉफेलीस फ्लुव्हिआटिलिस ही जाती रोगवाहक म्हणून खरी महत्त्वाची ठरली. तिचेही वर्णन जेम्स यांनीच १९०२ मध्ये केले होते. निरुपद्रवी जाती ओळखता येणे हेही अशा कामात महत्त्वाचे असते, कारण त्यावाचून पैसा व श्रम चुकीच्या डबक्यावर खर्च होतात.

एटकिन यांचे ललित लेखन विपुल आहे. *बिहाइंड द बंगलो* (१८८९) मधील लेख आधी टाइम्स ऑफ इंडिया मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांत बंगल्यावरील नोकरचाकरांची विनोदी शब्दचित्रे आहेत. मुंगीकडे पाहताना लेखकाच्या ठिकाणी दिसणारी जिज्ञासा व नम्रता ‘बॉय’, माळी, धोबी यांच्याकडे पाहताना मात्र टिकत नाही. राज्यकर्त्या वर्गाची आढ्यता तेथे उघड जाणवते. *अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल* (१८९४) हे कानड्याच्या जंगलांतील निरीक्षणांवरील पुस्तक गुणवत्तेने सर्वांत सरस म्हणता येईल. *द फाइव्ह विंडोज ऑफ द सोल* (१८९८) हे पंचेंद्रियांविषयीचे चिंतनपर पुस्तक आहे. *द कॉमन बर्ड्‌स ऑफ बाँबे* (१९००) हे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले पक्ष्यांवरील छोटेखानी पुस्तक. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यवाह डब्ल्यू. एस्. मिलर्ड यांनी शाळकरी वयाच्या सालिम अलींना वाचावयास दिलेल्या पुस्तकांत त्याचा समावेश होता.

मे १९०३ मध्ये एटकिन यांची कराची येथे जकात व मीठ उत्पन्नाचे मुख्य कलेक्टर म्हणून नेमणूक झाली आणि १९०५ मध्ये सिंध प्रांताच्या गॅझेटिअरचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. दीर्घ नोकरीत त्यांच्या स्वभावाला मानवणारे सरकारी काम असे दोनदाच मिळाले : गोव्याच्या हद्दीवरील पाहणी व हा ग्रंथ. ऑगस्ट १९०६ मध्ये ते निवृत्त होऊन एडिंबरो येथे गेले. गॅझेटिअर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. एडिंबरो येथे लिहिलेले त्यांचे प्राणिविषयक लेख *कन्सर्निंग ॲनिमल्स अँड अदर मॅटर्स* या नावाने १९१४ मध्ये प्रकाशित झाले. त्याला जोडलेला त्यांचा चरित्रपर परिचय इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डब्ल्यू. बी. बॅनरमन यांनी लिहिला आहे. एटकिन अल्पशा आजारानंतर एडिंबरो येथे मरण पावले.